सुट्या पेशींची साक्ष

"चौथं प्रकरण काढ, मी आत्ता सही करतो," केसकर सर म्हणाले आणि त्यांनी खरंच पेनाचं टोपण काढलं.

माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर होता. टंकलिखित दोनशे अकरा पानं, निळ्या फितीनं बांधलेली. पहिल्याच पानावर मार्गदर्शकाच्या सहीसाठी एक रेघ रिकामी होती. तिथं सही पडली की मी डॉक्टर वैजयंता कोतमिरे होणार होते. नाही पडली तर तीस जूनला माझी नोंदणी संपणार होती आणि सहा वर्षं पाण्यात. त्या दिवशी जूनची दोन तारीख होती.

"काढायचं म्हणजे काय, सर?"

"पान एकशे बारा ते एकशे अठ्ठेचाळीस. बाकी उत्तम आहे. इतकं नीट काम माझ्या एकाही विद्यार्थ्यानं केलेलं नाही."

"पण चौथं खरं असेल तर तिसरं खोटं पडतं."

"म्हणूनच सांगतोय, काढ."

मी म्हटलं, नाही काढणार. म्हटलं म्हणजे काय, तोंडातून निघून गेलं. प्रबंध उचलला, छातीशी धरला आणि दाराकडे वळले. मागे त्यांनी पेनाला टोपण लावल्याचा बारीकसा आवाज आला.

सरांना खलनायक समजू नका. तसे ते असते तर माझं काम सोपं झालं असतं. विद्यापीठात मी प्रवेश घेतला तेव्हा तीन प्राध्यापकांनी माझं आडनाव ऐकून 'जागा भरल्या' असं सांगितलं होतं. केसकर सरांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं, काचेची एक नळी हातात दिली आणि पंधरा मिनिटं नुसते माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे हात बघतात, आडनाव नाही." त्या एका वाक्यावर मी त्यांच्यासाठी जीव टाकत होते.

काम होतं स्वादुपिंडाचं. जठराच्या मागे पिवळट, जिभेसारखी एक पट्टी असते ते स्वादुपिंड. विट्याला आमच्या आप्पांच्या मटणाच्या दुकानात ती पट्टी कधी कुणी गिऱ्हाईक मागत नसे, त्यामुळे ती कुत्र्यांच्या वाट्याला जायची. त्या पट्टीत वाळूच्या कणाएवढी हजारो बेटं असतात आणि माणसाच्या रक्तातली साखर ती सांभाळतात, हे मला एम.एस्सी.ला कळलं तेव्हा मी सुट्टीत घरी जाऊन आप्पांना सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "आनि आमी ते कुत्र्याला घालतुया."

प्रयोगशाळेला बकऱ्याचं स्वादुपिंड लागे. ते नगरपालिकेच्या कत्तलखान्यातून आणायचं. पूर्वी शिपाई जायचा, तो रमतगमत तासाभरानं यायचा, तोवर स्वादुपिंड आपल्याच पाचक रसात विरघळून लगदा झालेलं असे. प्रयोगशाळेतल्या लोकांनी पाच वर्षं तसल्या लगद्यात बेटं शोधली होती, कारण कत्तलखान्याच्या फाटकातून आत जायला त्यांच्यापैकी कुणाचा पाय उचलत नव्हता. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः गेले. बर्फाचा डबा घेऊन, सकाळी सहाला. बशीर कुरेशी नावाचे म्हातारे कसाई होते, त्यांच्या हाताखाली मीच पट्टी मोकळी करून घ्यायची आणि सायकलवरून दहा मिनिटांत परत. पुढचं वर्षभर आमच्या प्रयोगशाळेला मिळाली तशी बेटं राज्यात कुणाला मिळत नसतील, असं सर अभिमानानं सांगायचे.

बेटं वेचण्याचं काम निराळंच असतं. ऊतक औषधानं सैल करायचं, एक रंग घालायचा, की बेटं तेवढी तांबडी होतात. मग ज्योतीवर ओढून केसासारखी बारीक केलेली काचेची नळी घ्यायची, तिला रबरी नळी लावून तिचं टोक तोंडात धरायचं आणि श्वासाच्या ओढीनं एकेक बेट उचलायचं. जोरात ओढलं तर तोंडात, हळू ओढलं तर हातचं जातं. सरांनी मला ते शिकवलं आणि मी एका बैठकीत तीनशे वेचायला लागले.

पण सरांना बेटं आवडत नसत. बेट म्हणजे त्यांच्या लेखी बाजार. त्यात इन्शुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी, त्यांच्या उलट काम करून साखर वाढवणाऱ्या अल्फा पेशी आणि या दोघींना आवर घालणाऱ्या डेल्टा पेशी, सगळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. "बाजारात कोण काय बोललं ते कळत नाही," सर म्हणत. "एकेकाला खोलीत घेऊन विचारा, मग खरं कळतं." म्हणून आमच्याकडे बेटं मोडून पेशी सुट्या करायच्या आणि मग त्या सुट्या पेशींवर अर्क तपासायचा, असा रिवाज होता.

अर्क एका रानवेलीचा होता. सरांच्या आईचे दोन्ही पाय मधुमेहात गेले होते, आणि अकरा वर्षं सर त्या वेलीच्या मागे होते. सुट्या पेशींवर तो अर्क घातला की त्या तिप्पट इन्शुलिन सोडत. माझं तिसरं प्रकरण ते. आकडे खरे होते, मीच मोजले होते. ऑगस्टमध्ये एका संस्थेच्या शिबिरात दोनशे रुग्णांना तो अर्क द्यायचं ठरलं होतं.

आणि मग माझ्या हातून चूक झाली.

चूक अगदी गबाळी होती. जोडून चार दिवस सुट्ट्या आल्या होत्या. उरलेल्या सुट्या पेशी टाकून द्यायच्या, चंबू धुवायचा, हा नियम. मी विट्याची एस.टी. गाठायच्या गडबडीत चंबू हलवणीच्या यंत्रावर तसाच ठेवून गेले. ते यंत्र उबेच्या पेटीत हळूहळू गोल फिरत असतं. चार दिवसांनी येऊन बघते तर पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या फिरता फिरता एकमेकींना गाठून पुन्हा चिकटल्या होत्या. कुणी न सांगता त्यांनी आपली आपण गोल गोल छोटी बेटं केली होती.

फेकून द्यायला पाहिजे होतं. मी मूळची हट्टी, मी ती मोजली.

सुट्या असताना याच पेशी साखर कमी असली तरी इन्शुलिन गाळत बसायच्या, मुळातच बेताल. पुन्हा जोडल्यावर साखर कमी असताना अळीमिळी गुपचिळी, आणि साखर वाढवली की सगळ्या मिळून एकदम. आणि अर्क? अर्क घातला काय अन् पाणी घातलं काय, त्यांना फरक पडत नव्हता.

मी आणखी अकरा वेळा करून बघितलं. दर वेळी तेच.

यात माझा शोध काही नव्हता. शेजारी शेजारी बसलेल्या बीटा पेशींच्या भिंतींत बारीक दारं असतात हे पुस्तकात होतं. त्या दारांतून एकीची खबर दुसरीला कळते. साखर नसताना एखादी उतावळी पेशी उसळायला लागली तर आसपासच्या शांत पेशी तिला थोपवतात, साखर आली की तीच खबर सगळीकडे जाते. माझं म्हणणं एवढंच होतं की आपण ती दारं तोडून मग अर्क तपासला. अंगात दारं शाबूत असतात. तिथं हा अर्क काही करत नाही, आणि दोनशे माणसं त्याच्या भरवशावर आपल्या गोळ्या सोडतील.

हे सगळं मी पहिल्यांदा सांगितलं हेमाताईला. हेमलता धनवडे माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सरांकडेच डॉक्टरेट केलेली, आता विभागात हंगामी अधिव्याख्याती. तिची नेमणूक दर वर्षी सरांच्या शिफारशीवर व्हायची. माझ्यावर तिचा जीव होता. तिनं आकडे दोनदा बघितले आणि वही मिटली.

"खरं आहे," ती म्हणाली. "आता कुणाला सांगू नकोस."

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, सही होऊ दे, मग स्वतंत्र लेख लिही, असं ती मला दोन महिने समजावत होती. मी तोंड उघडायला लागले की ती टेबलाखालून माझा हात दाबायची. तिच्यामुळे मी दोन महिने गप्प राहिले हे कबूल करायला हवं. पण प्रबंध लिहायला बसले तेव्हा ती शेजारी नव्हती, आणि चौथं प्रकरण लिहून झालं.

दोन जूनच्या त्या प्रसंगानंतर रविवारी मी विट्याला गेले. आप्पा दुकान आवरून अंघोळ करून जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं. सरांचं ते खोलीत घेऊन विचारण्याचंही सांगितलं. आप्पांना हसू आलं.

"आगं, चौकीत एकल्याला आत घेऊन इचारलं की मानूस न केल्यालं बी कबूल करतंय. तुज्या सराला ठावं न्हाई व्हय?"

मला वाटलं, चला, एक माणूस तरी आपल्या बाजूचा. पण आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून म्हणाले, "तरी बी काड ती पानं."

"आप्पा?"

"खरं बोलायला आख्खा जलम पडलाय. सही आदी घे. मी समद्या गावाला सांगून बसलोय, वैजी डाक्टर हुनार म्हनून. खाटकाची पोर डाक्टर. उद्या लोकांस्नी काय सांगू? सदतीस पानांपायी ऱ्हायलं म्हनून?"

मला राग आला. आप्पांचा नाही, त्यांचं म्हणणं इतकं बरोबर वाटलं याचा. मी दुसरी भाकरी घेतली नाही. निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी विचारलं, काढणार ना? मी म्हटलं, नाही. ते एस.टी.पर्यंत सोडायला आले.

बारा जूनला प्रबंध सादर करण्याआधीचं चर्चासत्र होतं. नियमच होता तसा, विभागासमोर सगळं काम मांडायचं. तीसेक माणसं होती. विभागप्रमुख बाबर सर पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी केसकर सर, भिंतीकडेला हेमाताई. केसकर सरांना खात्री होती की एव्हाना मी नमले असेन आणि तीनच प्रकरणं दाखवणार. त्यांनी माझी ओळखही मोठ्या कौतुकानं करून दिली.

मी तीन प्रकरणं मांडली. टाळ्या वाजवायला हात वर येत होते तेवढ्यात मी चौथ्या प्रकरणाची पारदर्शिका प्रक्षेपकावर ठेवली.

दिवाणखान्यात पाल पडावी तसे सगळे त्या पडद्याकडे बघायला लागले. मी सांगत गेले. सुट्या पेशींचे आकडे, जुळलेल्या पेशींचे आकडे. पेशी त्याच, चंबू तोच, अर्क तोच. फरक एवढाच की या एकमेकींना धरून आहेत. शेवटी म्हटलं, माझ्या मते या अर्काचा गुण हा सुट्या पेशींची खोटी साक्ष आहे, आणि तो माणसांना देऊ नये.

केसकर सर उठले. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"वैजयंता, तुझ्याच म्हणण्याप्रमाणे एकटी पडलेली पेशी भलतंच बोलते. बरोबर?"

"हो, सर."

"मग जरा या खोलीत बघ. तुझ्या बाजूला कोण आहे?"

लोक हसले. मीही बघितलं. बाबर सर चष्मा पुसत होते. हेमाताईनं जमिनीकडे बघायला सुरुवात केली होती. माझ्या बाजूला खरंच कुणी नव्हतं. पण त्याबरोबर एक गोष्ट मला लख्ख कळली आणि मी ती बोलून टाकली.

"सर, पेशी गप्प बसते ती शेजारणी थोपवतात म्हणून. मलाही दोन महिने थोपवलं होतं. आता थोपवणारं कुणी उरलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते, आणि आता बोलले ते त्यांच्याच दाखल्यानं. मग ते जे म्हणाले ते त्यांना नंतर फार लागलं असणार, असं मी आज तीस वर्षांनी म्हणू शकते. तेव्हा म्हणू शकत नव्हते.

"दोष तुझ्या हाताचा आहे," ते म्हणाले. "कापणं तुमच्या घरात आहे, ते तुला छान येतं. जोडणं हे निराळं काम आहे."

तुमच्या घरात. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. आडनाव नाही, हात बघतात म्हणणारा हाच माणूस, आणि सहा वर्षांनी माझ्या हातातही त्याला माझं आडनावच दिसलं. मला रडू आलं असतं तर मी तिथंच संपले असते. आलं नाही, कारण राग जास्त मोठा होता.

"असेल," मी म्हटलं. "मग तुम्ही करा. स्वादुपिंड तुम्ही आणा, बेटं तुम्ही वेचा, पेशी तुम्हीच सुट्या करा आणि तुम्हीच जुळू द्या. मी कशाला हात लावणार नाही. आकडे माझ्याविरुद्ध गेले तर चौथं प्रकरण मी सगळ्यांसमोर फाडीन."

"आणि गेले नाहीत तर?" हे बाबर सरांनी विचारलं.

"तर सरांनी सही करावी."

बाबर सरांनी केसकर सरांकडे बघितलं. केसकर सर म्हणाले, "ठीक आहे." अभिमानी माणसाला सगळ्यांदेखत दुसरं काही म्हणता येत नाही. पण मला वाटतं, ते स्वतःही मनापासून तसंच म्हणत होते. त्यांचा आपल्या वेलीवर पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर कत्तलखान्याच्या फाटकाशी उभे होते. पांढरा शर्ट, हातात बर्फाचा डबा, नाकाला रुमाल. जन्मात त्यांनी अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी बकऱ्याच्या स्वादुपिंडावर काम केलं आणि बकरा उघडलेला कधी बघितला नव्हता. मी फाटकाच्या बाहेर, रेघ आखल्यासारखी थांबले. बशीरचाचांनी मला हाक मारली, आज आत का नाही म्हणून. मी मानेनंच सरांकडे दाखवलं.

सर आत गेले. फाटकातून मला दिसत होतं. चाचांनी आतडी बाजूला केली आणि सर नुसते बघत राहिले, त्यांना पट्टी सापडेना. मग ते वळून मला म्हणाले, "कुठून कापायचं?"

मी फाटकातूनच सांगितलं. जठर डावीकडे ढकला, वळणाच्या आत बघा, पिवळट दिसेल, ओढू नका, बोटानं मोकळं करा. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि दोन्ही हात घातले. त्यांनी पट्टी अखंड बाहेर काढली. मी मनात म्हटलं, आला हात. राग असूनसुद्धा म्हटलं.

प्रयोगशाळेत मी एका स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. उद्या कुणी म्हणायला नको की हिनं बोट लावलं. सरांनी बेटं वेचली. माझ्यापेक्षा सावकाश पण सुंदर, शेवटी मला शिकवलं त्यांनीच होतं. पेशी सुट्या केल्या. अर्ध्या तशाच तपासल्या, अर्ध्या चंबूत घालून हलवणीच्या यंत्रावर ठेवल्या. नोंदी हेमाताईनं लिहायच्या, असं बाबर सरांनी ठरवून दिलं होतं. त्या चंबूच्या बुचावर सरांनी कागदाची पट्टी चिकटवून स्वतःची सही केली. माझ्या प्रबंधावर न केलेली सही त्या बुचावर बघताना मला हसू फुटलं, आणि ते त्यांनी बघितलं.

पाच दिवस सर रोज सकाळी यायचे, चंबू उजेडात धरायचे आणि परत ठेवायचे. आम्ही एका खोलीत असायचो आणि बोलायचो नाही. तिसऱ्या दिवशी चंबू धरल्या धरल्या ते बराच वेळ तसेच उभे राहिले. पेशी जुळायला लागल्या होत्या. मला त्यांच्या तोंडावर भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो चक्क आनंद. बारीक पेशी स्वतःहून एकमेकींकडे जातात हे बघताना तो माणूस मिनिटभर आपलं भांडण विसरला होता, आणि त्या मिनिटात मला ते पुन्हा पहिल्यासारखे आवडले.

अठरा जूनला मोजणी झाली. कमी साखर. हेमाताई यंत्रापाशी उभी राहून आकडे वाचत होती. सुट्या पेशी, अर्काशिवाय: नऊ. सुट्या पेशी, अर्कासह: अठ्ठावीस. सरांनी मान हलवली. मग तिनं पुढची नळी ठेवली. जुळलेल्या पेशी, अर्काशिवाय: तीन. जुळलेल्या पेशी, अर्कासह.

ती थांबली. तिच्या नेमणुकीचा कागद त्याच महिन्यात सरांच्या टेबलावर होता, हे मला ठाऊक होतं. सरांनी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"तीन," ती म्हणाली.

"परत मोज."

तिनं परत मोजलं. "तीन, सर."

"साखर वाढवून?"

"अर्काशिवाय चाळीस, अर्कासह एकोणचाळीस."

सर बेसिनपाशी गेले आणि हात धुवायला लागले. कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा पुन्हा. आम्ही दोघी बघत होतो. मी प्रबंध बरोबर आणला होता, पहिलं पान वर करून टेबलावर ठेवला, शेजारी पेन. निर्लज्जपणा म्हणा, पण शब्द त्यांनीच दिला होता. सरांनी हात पुसले, प्रबंधापाशी आले, त्या रिकाम्या रेघेकडे बघितलं. पेन उचललं नाही. चप्पल घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबर सरांच्या टेबलावर चिठ्ठी होती. प्रकृतीच्या कारणास्तव आपण कोतमिरे यांचं मार्गदर्शकपद सोडत आहोत. बस, एवढंच. खोटं लिहायला नको आणि खरंही लिहायला नको, यातून त्यांनी काढलेली वाट होती ती. शब्द त्यांनी मोडला, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. शिबिर मात्र झालं नाही. का झालं नाही हे कुणी जाहीर केलं नाही. वेलीवरचा लेखही त्यांनी छापायला गेलेला परत मागवला, हे मला पुढे कळलं.

तीस जून आला आणि माझी नोंदणी संपली. आप्पांनी गावात काय सांगितलं ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. मी बाबर सरांच्या हाताखाली पहिल्यापासून नोंदणी केली, पुन्हा सायकल, पुन्हा बर्फाचा डबा, आणखी दोन वर्षं. हेमाताईची नेमणूक त्या वर्षी झाली. शिफारस सरांनीच केली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. केसकर सर जिन्यात भेटले की मी नमस्कार करायची आणि ते दुसरीकडे बघायचे.

दोन वर्षांनी प्रबंध पुन्हा बांधायला निघाला. या वेळी त्यात तिसरं प्रकरण नव्हतंच, सगळं चौथंच होतं. बाबर सरांची सही झाली. आभाराच्या पानावर मी पहिलं नाव लिहिलं: बेटं कशी वेचायची हे ज्यांनी मला हाताला धरून शिकवलं, ते डॉ. वामन केसकर. ते खरं होतं. नसतं तर लिहिलं नसतं.

ही गोष्ट सरांच्या कानावर कशी गेली कोण जाणे. मी बांधणीवाल्याकडे निघाले होते तेव्हा हेमाताई धापा टाकत जिना उतरून आली. सरांचा निरोप होता. माझं नाव त्या पानावरून काढायला सांग, असं म्हणालेत. रागावलेले नाहीत, ती म्हणाली, उलट आवाज बसला होता त्यांचा. काढून टाक गं, एक ओळ तर आहे.

"त्यांना सांग," मी म्हटलं आणि सायकलवर बसले, "मी काही काढत नसते."